धाकट्यासाठी कोंड्याचा पाव

भट्टीवालीला भुताखेतांचं भय नव्हतं. उभा जन्म आगीसमोर काढलेली बाई ती. भूत आलंच असतं तर आधी पाय पुसून ये म्हणाली असती. तिला भय होतं ते एका पोत्याचं. पीठ मळायच्या लाकडी काथवटीशेजारी, भिंतीला टेकून, कोंड्याचं पोतं असायचं. रोज सकाळी पीठ चाळून झालं की वर राहिलेला कोंडा ती त्यात ओतायची, हाताने सारखा करायची, वरून दोनदा थोपटायची. आणि दहाच्या सुमाराला बघावं तर मधोमध खड्डा. कुणीतरी बसून उठल्यासारखा. आता कोंडा हलका असतो, आपोआप दबतो, हे चाळीस वर्षं पिठात हात घातलेल्या बाईला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तरी त्या पोत्याकडे पाठ करून ती कधी उभी राहायची नाही.

त्या पोत्यावर तिचा धाकटा भाऊ बसायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

घर म्हणजे खाली बेकरी, बेकरीच्या मागे तिची एक खोली, आणि वर लाकडी जिना चढून दोन खोल्या, त्यात भावजय आणि भाची. लग्न तिने केलं नाही. विचारायला आले होते एकदा, पण तेव्हा नेमकी भट्टी तापलेली होती, असं ती सांगायची आणि स्वतःच हसायची. जिन्यावरून उतरणारी ही दोन माणसं सोडली तर तिला आपलं म्हणावं असं जगात कुणी नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलंय.

धाकटा पावाची गाडी चालवायचा. सकाळी भरून निघाला की दुकानं, खानावळी, शाळा, दवाखाने. पाणी प्यायचा नाही. पाणी प्यायलं की थांबावं लागतं, थांबलं की पाव उशिरा पोचतो, हा त्याचा हिशेब. मग व्हायचं तेच झालं. मुतखडा. कळ आली की हा एवढा थोराड माणूस जमिनीवर मुटकुळं करून लोळायचा, आणि कळ गेली की उठून शिट्टी वाजवत गाडी पुसायला जायचा. असे खडे पडता पडता चाळिशीच्या आत एक किडनी कामातून गेली. मग किडनीच्या डॉक्टरांनी त्याला पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन दिला आणि चोवीस तासांची लघवी त्यात गोळा करून आणायला सांगितलं. "बायकोने टाकाऊ म्हणून फेकला तर?" असं त्याने विचारलं. डॉक्टर हसले नाहीत.

तपासणीत निघालं की लघवीतून कॅल्शियम भलतंच जातंय. दिवसाला तीनशे मिलिग्रॅमच्या आत हवं, ते चारशेवीस. डॉक्टर म्हणाले, "गव्हाचा कोंडा खा. तीन चमचे, प्रत्येक जेवणाबरोबर, पाण्यात कालवून. पोटातल्या पोटात तो कॅल्शियम धरून ठेवतो, मग ते लघवीपर्यंत जात नाही. तीन महिन्यांनी बघू. नाही उतरलं तर गोळ्या सुरू करू."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा ती चाळणी हातात धरून हसत सुटली. म्हणजे बघा, पिढ्यान्‌पिढ्या आपण जे चाळून गुरांना विकतो तेच औषध निघालं. धाकट्याने पहिल्या दिवशी कोंडा पाण्यात कालवून घेतला आणि खोकून खोकून त्याचे डोळे लाल झाले. "घोड्याला निदान आधी थोपटतात तरी," तो म्हणाला. आणि इथे तिचं डोकं फिरलं. तिच्या भावाने, बेकरीवाल्याच्या पोराने, कच्चा कोंडा खायचा? मग हिचे हात काय कामाचे?

तिने कोंड्याचा पाव करायचा ठरवला. साधासुधा नाही. वडिलांच्या वेळचं आंबवण तिच्याकडे होतं, फडताळातल्या काचेच्या बरणीत, रोज थोडं पीठ-पाणी घालून जिवंत ठेवलेलं. त्या आंबवणात तिने कोंडा भिजवला. एक दिवस नाही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मळला, परत फुगू दिला, आणि पांढरे पाव निघाल्यावर उतरत्या आचेवर भाजला. असा मऊ झाला की घशाला कोंडा कळूच नये. पहिला तुकडा खाऊन धाकटा म्हणाला, "ताई, यात कोंडा घातलास ना नक्की?" ही शाबासकी तिने किती दिवस उरी बाळगली असेल, विचारू नका. डॉक्टरांनी सांगितला त्याहून जास्तच कोंडा ती घालायची. तोलून घालायची. रोज दहाला तो पोत्यावर बसायचा, न्याहारीचा तुकडा खायचा, बाकीचा डब्यात घेऊन गाडीवर जायचा. संध्याकाळी परत आला की म्हणायचा, "खाल्लं गं ताई."

तीन महिन्यांनी कॅन भरून दिला. चारशेतीस.

"खाता ना?" डॉक्टरांनी विचारलं. "खातो," तो म्हणाला. आणखी तीन महिने. चारशेदहा. "खरंच खाता ना?" "खातो हो साहेब." तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, घरच्या कुणाला तरी घेऊन या. भावजयीला पोरीची शाळा होती, म्हणून ही गेली. चांगली साडी नेसून, हाताचं पीठ नखांतून कोरून काढून गेली. डॉक्टरांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "तुम्ही यांना कोंडा देता ना?"

आता माणूस काय म्हणेल? देते म्हणेल आणि गप्प बसेल. पण तिला त्या आकड्याची लाज वाटली. आपल्या पावाला कुणी नाव ठेवतंय असं वाटलं. ती म्हणाली, "मी देते हो रोज, तोलून देते. पण खातो की वाटेत कुठं टाकतो, देव जाणे. गाडीवरचा माणूस."

धाकटा शेजारच्याच खुर्चीवर होता. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "सांगितलेलं साधं खात नाही, त्याला मी गोळ्या देऊन काय करू? आधी कोंडा खा. मग बघू."

आठ महिन्यांनी उरलेल्या किडनीच्या तोंडाशी खडा अडकला. दोन दिवस त्याने ताप अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तर पू रक्तात गेलेला. तिथे शुद्ध होती तेवढ्यात तो तिला म्हणाला, "खाल्लं होतं गं ताई." ती म्हणाली, "बरं बरं. गप पड आता."

त्यानंतर घरात धाकट्याचं एकच नाव राहिलं, खोटारडा. भावजय काही दुष्ट बाई नव्हती. नवरा गेला, तेरा वर्षांची पोर पदरात, आणि उभं राहायला तिला काहीतरी हवं होतं. तिला राग सापडला. एवढासा कोंडा खाल्ला असता तर आज असता, पण नाही, गोड बोलून सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली. पोरीने दप्तर आवरल्याचं खोटं सांगितलं की "बापाचं वळण." पोरगी चित्रपटाला जाऊन मैत्रिणीकडे होते म्हणाली की "बापावर गेलीस." भट्टीवालीही मनातल्या मनात पोत्याशी भांडायची. खाल्लं असतंस तर काय बिघडलं असतं तुझं, मेल्या? मी काय विष घालत होते? पोतं गप्प राहायचं. तिला वाटायचं, ओशाळून गप्प आहे.

भाचीला सगळे चिमणी म्हणायचे, लहानपणी फार चिवचिवायची म्हणून. मोठी होऊन ती जमीनमोजणीच्या कचेरीत लागली. दिवसभर उन्हात दुर्बीण घेऊन उभं राहायचं, पाणी बेताचं. चोविसाव्या वर्षी तिला पहिला खडा झाला. भट्टीवालीने जिन्यावरून तो कण्हण्याचा आवाज ऐकला, आणि हातातला पाव भाजायचा पत्राच निसटला. तोच आवाज. बापाचाच.

पुन्हा कॅन. तीनशेऐंशी. पुन्हा कोंडा. या वेळी भट्टीवालीने कंबर कसली. ही पोर हातची जाऊ द्यायची नाही. दोन दिवस आंबवलेला, तोच पाव, आणखी मऊ. आणि चिमणी आपल्यासमोर बसून खाते की नाही यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष. तीन महिन्यांनी तीनशेपंच्याहत्तर. भावजयीने कागद बघितला आणि नुसती लेकीकडे बघत राहिली. चिमणी म्हणाली, "आई, मी खाते गं." भावजय म्हणाली, "हो. तोही खायचा."

मग कचेरीने चिमणीला तीन महिने परगावी पाठवलं. आत्याने पिशवीभर कोंडा बांधून दिला, पाव काही एवढे दिवस टिकला नसता. पोरगी तिकडे तो पाण्यात कालवून, नाक दाबून घ्यायची. तिकडूनच तपासणी करून आली. दोनशेचाळीस. घरात आनंदीआनंद. परत आल्यावर तीन महिने आत्याचा पाव. तीनशेसत्तर.

आहार सांगणाऱ्या बाईंकडे आत्या आणि भाची दोघी गेल्या. बाई तरुण होत्या, टेबलावर कागद ओळीने मांडून त्या बराच वेळ बघत बसल्या. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. "घरी आल्यावरच का वाढतं गं?" बाईंनी विचारलं. "इथे खात नाहीस का?"

चिमणीने मान खाली घातली. आणि भट्टीवालीच्या तोंडून आलं, "मी देते हो रोज, तोलून, पण..."

चिमणीने आत्याकडे बघितलं. रागाने नाही. सवयीने बघितलं, त्या घरात आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही हे ठरूनच गेल्यासारखं. समोरच्या दोन खुर्च्या, टेबल, कागद, सगळं तेच होतं, फक्त खुर्चीवर बसलेलं माणूस वेगळं. नशीब, बाई पुरतं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मध्येच विचारलं, "देता म्हणजे कसा देता?"

"पावात. आमची बेकरी आहे."

"पाव खमीर घालून?"

"खमीर कसलं, आंबवण. आमच्या वडिलांचं. दोन दिवस भिजवते मी. कोंडा लोण्यासारखा होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "मावशी, कोंड्यात एक द्रव्य असतं. पोटात कॅल्शियमला धरून ठेवायचं काम मुख्यतः ते करतं. पीठ दोन दिवस आंबलं ना, की ते द्रव्य आंबवणच खाऊन टाकतं. पाव चांगलाच असतो, पोट साफ करतो, सगळं खरं. पण ज्यासाठी आपण कोंडा घेतोय ते त्यात फारसं उरत नाही. म्हणून कच्चा घ्यायचा, जेवणाबरोबर. आणि तेवढ्यावर भागत नाही, पाणी हवं, मीठ कमी हवं. कोंडा सगळ्यांनाच लागू पडतो असंही नाही, पण हिला पडतोय. ही पोरगी खात होती. खोटं बोलत नव्हती."

चिमणी एकदम सैल झाली, हसली, म्हणाली, "ऐकलंस ना आत्या?" भट्टीवालीने मान हलवली. बाईंना तिने एकच विचारलं. दहा-अकरा वर्षांपूर्वी कुणी असा पाव रोज खाल्ला असेल आणि आकडा उतरला नसेल, तर? बाई म्हणाल्या, असू शकतं. नक्की कसं सांगणार?

आणि त्या दिवसापासून पोतं बोलायला लागलं.

तोवर ती भांडायची आणि ते गप्प असायचं. आता ती गप्प आणि दहा वाजले की तिच्या डाव्या कानामागे, अगदी रोजच्या आवाजात, जरा दमलेल्या, "खाल्लं गं ताई." तक्रार नाही की काही नाही. शिव्या घातल्या असत्या तर तिने सोसल्या असत्या. तिने पोतं हलवून भट्टीपलीकडे ठेवलं. तिथेही खड्डा पडला. तिने त्यातला कोंडा अर्धा काढून टाकला. खड्डा खोल झाला. काथवटीत हात घालून उभी राहिली की पाठीला ऊब जाणवायची, माणूस जवळ बसल्यावर जाणवते तशी, आणि भट्टी तर समोर होती. गिऱ्हाइकं सुट्टे पैसे मागायची आणि ती त्यांच्या हातात आणखी एक पाव ठेवायची. समोरचा न्हावी म्हणाला, "ताई, अशी खिरापत वाटायला लागलात तर मीही दाढी फुकट करतो." ती हसली, पण ते हसू काही तिचं नव्हतं.

सांगायला तर हवं होतं. धाकटा खोटारडा नव्हता हे त्याच्या बायकोला, त्याच्या पोरीला कळायला हवं होतं. पण ते सांगायचं तर पावाचं सांगावं लागणार. पावाचं एक वेळ ठीक, पाव अज्ञानाने झाला. त्याच्या मागोमाग डॉक्टरांपुढचं ते वाक्य येणार, आणि ते अज्ञान नव्हतं. ते तोंडाने बोललेलं होतं. ते ऐकून या दोघी जिना उतरायच्या बंद झाल्या तर? पन्नाशी उलटलेली बाई, मागची एक खोली, आणि भट्टी. तिने नऊ दिवस असे काढले. रोज ठरवायची, आज. रोज संध्याकाळी भांडी घासून झोपायची.

रविवारी बेकरी दुपारी बंद असायची. दहाव्या दिवशी रविवार आला. भावजय खाली डाळीचं भांडं मागायला आली, मागून चिमणी. चिमणीची पाण्याची बाटली तशीच भरलेली भावजयीच्या हातात होती. "प्यायले म्हणाली होतीस ना? सकाळपासून घोट गेलेला नाही. काय तरी बाई, एक-एक सवय बापाची. तोंडावर खोटं बोलायचं आणि..."

"तो खोटं बोलत नव्हता," भट्टीवाली म्हणाली.

मग तिने सांगितलं. आंबवणाचं, दोन दिवस भिजवण्याचं, आहाराच्या बाईंनी काय सांगितलं ते. काथवटीच्या कडेला धरून, उभ्यानेच सांगितलं. चिमणीने अर्ध्यातच तोंडावर हात ठेवला. ती ते सगळं त्या बाईंच्या खोलीत ऐकून आली होती, पण बापाशी तिने ते जोडलंच नव्हतं. तिची सुटका झाली एवढ्यातच तिचा आनंद मावला होता. भावजय हळूच पिठाच्या डब्यावर बसली.

"म्हणजे खात होते," ती म्हणाली.

"सगळा. तुकडा न टाकता."

"अकरा वर्षं मी या पोरीला सांगत आले, तुझा बाप खोटारडा." भावजयीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज सरळ होता. मग तिनेच हात पुढे करून भट्टीवालीचा हात धरला. "ताई, तुम्हाला कुठे ठाऊक होतं? तुम्ही जीव ओतून करत होतात. असं मनाला लावून घेऊ नका."

झालं. इथे थांबली असती तर सुटली असती. दोघी तिच्याजवळ होत्या, हात हातात होता, चिमणी तिच्या खांद्याला टेकली होती. आणि हाच हात तिला सोसवेना. कारण तो फक्त पावासाठी होता, त्या वाक्यासाठी नाही.

"डॉक्टर गोळ्या देणार होते," ती म्हणाली. "मी बोलायला नको होतं. त्यांनी मला विचारलं, आणि मी म्हणाले, मी देते पण हा खातो की टाकतो देव जाणे. म्हणून दिल्या नाहीत."

भावजयीने हात सोडला नाही, पण हातातला जोर गेला. चिमणीने विचारलं, "बाबांच्या माघारी?"

"नाही गं. शेजारीच बसला होता."

"मग काय म्हणाले ते?"

भट्टीवालीने एवढी वर्षं जे स्वतःला आठवू दिलं नव्हतं ते आता सांगावंच लागलं. "काही नाही म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून पाव खाल्ला की माझ्यासमोर यायचा आणि तोंड उघडून दाखवायचा. लहान मुलं दाखवतात तसं. जीभ वर करून, मग गाल बाजूला करून. तीन-चार महिने रोज."

"आणि तुम्ही?" भावजय म्हणाली.

"मी बघायचे. वाकून बघायचे, दाढेमागे काही ठेवलंय का."

रस्त्यावरून एक सायकल गेली. भावजयीने आपला हात काढून घेतला आणि पदराला पुसला, जणू पीठ लागलं होतं. ती उठली. पाण्याची बाटली चिमणीच्या हातात दिली, आणि चिमणी उभ्या उभ्या ती सगळी प्यायली, दोघींपैकी कुणाकडेही न बघता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर भावजय थांबली.

"बुधवारी हिची डॉक्टरांकडची तारीख आहे," ती म्हणाली. "मी जाईन तिच्याबरोबर. तुम्ही येऊ नका, ताई."

"बरं," भट्टीवाली म्हणाली, आणि डाळीचं भांडं तिच्या मागोमाग जिन्यावर नेऊन ठेवून आली.